दगडवाले सर

सर कॅमेऱ्याकडे बघताना नजर जराशी खाली ठेवत. पहिल्याच आठवड्यात कॅमेरा चालवणारे सरदारजी वैतागले. "सर जी, लेन्स में देखिए. नीचे क्या रखा है?"

"बच्चे बैठे होंगे ना," सर म्हणाले. "खड़े थोड़े ही होंगे."

सरदारजींनी स्टँडचे पाय आत सरकवले. त्या दिवसापासून आमच्या स्टुडिओतला कॅमेरा बाकावर बसलेल्या माणसाच्या उंचीला आला. सर त्याच्याशी बोलायला लागले की खरंच तिथे कुणी बसलंय असं वाटायचं.

माझे वडील हवाई दलात होते आणि त्यांची बदली चंडीगढला झाली होती, म्हणून मी तिथे. नवं शतक नुकतंच लागलं होतं. बाजारात सायबर कॅफे निघत होते, ज्याच्या त्याच्या कमरेला मोबाइल दिसायला लागला होता आणि विद्यापीठात उपग्रहावरून शिकवायची योजना आली होती. मी ज्या भूशास्त्राच्या पदविकेला प्रवेश घेतला, ती त्या योजनेतली. आम्ही पंधरावीस जण चंडीगढला स्टुडिओत सरांच्या समोर बसत असू आणि हिमाचलातल्या उंचावरच्या एका गावात सातआठ मुलं टीव्हीसमोर. सरांचं चित्र आणि आवाज उपग्रहावरून तिकडे जाई. तिकडून मात्र काहीच दिसत नसे. कुणाला काही विचारायचं असलं तर ते फोन करत आणि तो आवाज स्टुडिओतल्या स्पीकरवर येई. प्रात्यक्षिकांसाठी ती मुलं वर्षाच्या शेवटी पंधरवडाभर खाली येणार होती. म्हणजे वर्ग एक, पण त्यातली ती सातआठ मुलं आम्ही पाहिलेलीच नव्हती.

सर मूळचे कऱ्हाडचे. पंचवीसएक वर्षं पंजाबात काढून त्यांची हिंदी अर्धी पंजाबी झाली होती, मराठी मात्र कृष्णाकाठचीच राहिली होती. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कुठली गं?" मी सोलापूर म्हटलं. "मग तुझ्या पायाखाली काळा बेसाल्ट आहे. इथलं सगळं तुला पोरकट वाटंल." हिमालयाला पोरकट म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतर समजलं, वयाच्या हिशेबात ते बरोबरच होतं.

दगड नुसता बघून शिकता येतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. "दिसला म्हणजे कळला व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून दर रविवारी ते स्कूटर घेऊन डेराबस्सीच्या बाजूला घग्गरच्या पात्रात जात आणि पोत्यात दगड भरून आणत. आमच्यातले दोघेतिघे बरोबर असायचे. एकाच दगडाचे हातोडीनं दोन तुकडे करायचे. एक स्टुडिओत आमच्यासाठी, दुसरा खोक्यात भरून, वर नंबर घालून, डोंगरातल्या मुलांसाठी. सोमवारी सकाळी ते खोकं सेक्टर सतराच्या बसअड्ड्यावर हिमाचलच्या बसच्या ड्रायव्हरच्या हवाली व्हायचं. ड्रायव्हर लोक त्यांना ओळखत. "आ गए पत्थर वाले," असं म्हणून खोकं सीटखाली सरकवत. आम्हीही मग त्यांना दगडवाले सरच म्हणायला लागलो.

आठवड्याच्या शेवटी सर कॅमेऱ्यासमोर तुकडा धरून म्हणत, "तीन नंबर निकालो. हाथ में लो. लिखो मत, पहले हाथ में लो." मग ते थांबत. बराच वेळ. टीव्हीवर एक माणूस हातात दगड घेऊन गप्प उभा आहे, हे नियंत्रण कक्षातल्या लोकांना बघवत नसे. काच वाजवून ते खुणा करत. सर तिकडे बघतसुद्धा नसत. एकदा विभागप्रमुख मॅडमनी सौम्यपणे विषय काढला, की उपग्रहाचा वेळ फार महागडा असतो, एवढी शांतता बरी नाही. सर म्हणाले, "मॅडम, दगडाला घाई नाही. मला कशाला?"

त्यांना एका जागी उभं राहता येत नसे, ही आणखी एक अडचण. शिकवता शिकवता ते आमच्या बाकांत शिरत, कुणाच्या तळहातावरचा दगड फिरवून ठेवत आणि तिकडे टीव्हीवर नुसता फळा उरे. शेवटी सरदारजींनी घरून एक पायपुसणं आणलं आणि जमिनीवर टाकलं. "सर जी, इस से बाहर नहीं." सरांनी चपला काढल्या आणि पायपुसण्यावर अनवाणी उभे राहिले. पुढे नेहमी त्यांनी तसंच शिकवलं. एसीच्या गारठ्यात त्यांचे पाय पांढरे पडत.

तिकडून फोन करणाऱ्यांत पद्मा नावाच्या मुलीचा आवाज आम्हाला पाठ झाला होता. ती घाईनं बोलत नसे. प्रश्न विचारायच्या आधी म्हणे, "सर, आप थके तो नहीं?" आम्ही हसायचो. सर हसत नसत. "नहीं बेटा, पूछो." तिचे प्रश्न असे असत की सरांना उत्तर द्यायला पुढचा तास लागे. हा दगड आमच्या घरामागच्या ओढ्यात मिळतो तसा का दिसत नाही? तुम्ही म्हणता नदीनं घासून गोल केला, मग आमच्याकडे नदी जास्त जोरात असून दगड टोकेरी का? आमच्या वर्गात गुरमीत नावाचा हुशार मुलगा होता. तो एकदा म्हणाला, "यार, ये लड़की टीवी देख के हमसे ज़्यादा समझती है." त्यात कौतुक होतं आणि थोडी जळजळही होती.

मी सरांच्या घरी जात असे. काकू सांगलीच्या. मराठी बोलायला कुणी मिळालं की त्या कणीक मळता मळता तासभर बोलत. एकुलता मुलगा अमेरिकेत होता. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. सर रिसीव्हर कानाला लावून उभे राहत. "हं. हं. बरं. आईला देतो." संपलं. सर मराठीत बोलत, मुलगा हिंदीत. लहानपणापासून तसंच चाललेलं. एकदा फोन ठेवल्यावर काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या सरांना डोंगरातल्या पोरांशी तासतासभर बोलता येतं बघ." सर आत निघून गेले. काकूंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं आणि पुन्हा कणकेत हात घातला.

त्या वर्षी पाऊस झाला तो डोंगरात. ऑगस्टमध्ये फोन यायचे बंद झाले. पावसात तारा तुटतात, हे नेहमीचंच. सर तास सुरू करताना म्हणत, "फोन खराब है, कोई बात नहीं, आप सुनते रहो. सवाल लिख के रखो." आणि ते तसेच शिकवत राहिले. खाली नजर, हातात दगड, मधूनच ती लांब शांतता. त्या आठवड्यांत त्यांनी गाळाचे खडक शिकवले. फार सुंदर शिकवले. मला अजून ते तास आठवतात.

मग एका सोमवारी मी त्यांच्याबरोबर बसअड्ड्यावर गेले होते. ड्रायव्हरनं नवीन खोकं घ्यायच्या ऐवजी सीटखालून जुनी खोकी बाहेर काढली. एकावर एक. दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

"सर जी, ऊपर रास्ता ही नहीं है. पूरा पहाड़ आ गया है. नीचे वाले अड्डे पे पड़े थे, मैं वापस ले आया."

"कब से?"

"महीना होने को आया."

"और लोग? बच्चे?"

"लोग ठीक हैं. कॉलेज की छत गई. वो टीवी वाली छतरी भी गई."

छतरी म्हणजे डिश अँटेना. सर खोक्यांकडे बघत उभे राहिले. आम्ही खोकी स्कूटरवर बांधून परत आणली.

त्या दिवशी तास होता. सर पायपुसण्यावर उभे राहिले, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि त्यांनी काचेकडे बघून विचारलं, "उधर कोई देख रहा है?"

आतून स्पीकरवरून कुणीतरी सांगितलं की तिकडचं केंद्र बरेच दिवस बंद आहे. तसा निरोप आला होता. पण रेकॉर्डिंग होतच होतं, इथली मुलं बसत होती, म्हणून तास चालू ठेवले.

सरांना सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सर पायपुसण्यावरून उतरले आणि पहिल्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले. चपला तिकडेच राहिल्या. लाल दिवा चालूच होता. सरदारजींनी कॅमेरा रिकाम्या फळ्यावरून हलवला नाही. सरांचे हात गुडघ्यांवर होते. ते मराठीत, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "महिनाभर मी कुणाशी बोलत होतो गं?"

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर त्यांच्या अक्षरातला कागद होता. तिकडचं केंद्र बंद पडल्यापासूनचे सगळे तास रद्द. त्या तासांना वर्गातलं कुणीही हजर नव्हतं असं धरण्यात येईल.

वर्ग खवळला. हजेरी ठरल्यापेक्षा कमी भरली तर परीक्षेला बसता येत नसे. आम्ही तर रोज बसलो होतो. गुरमीतनं तक्रार अर्ज लिहिला, बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्याकडे कुणी आणलाच नाही. "तू तो उन्हीं की है," गुरमीत म्हणाला. मी कुणाची नव्हते. वडिलांची बदली जोधपूरला ठरली होती. वर्ष गेलं असतं तर मला ते अर्धवट टाकून जावं लागलं असतं. मी रागारागानं सरांच्या घरी गेले.

"सर, तुम्ही शिकवत होता, आम्ही ऐकत होतो. मग आम्ही गैरहजर कसे?"

"वर्ग कुणाचा होता?"

"आमचा."

"नुसता तुमचा?"

"त्यांची डिश पडली यात आमचा काय दोष?"

"दोष तुमचा न्हाई. त्यांचाबी न्हाई." रागावले की त्यांची बोली बदले. "पण दरडीनं त्यांची हजेरी खाल्ली. त्यांना परीक्षेला बसू देणार न्हाईत. मी मॅडमना भेटून आलो. नियम नियमच आहे म्हणाल्या. मग नियम सगळ्यांना लावा म्हटलं. वर्ग एक आहे ना?"

"आणि आमचं वर्ष गेलं तर?"

"जाणार न्हाई. मी सगळं परत शिकवीन."

"कधी? स्टुडिओ मिळणार नाही. जादा तास शिल्लक नाहीत."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोर खरं बोलतीय. हिच्या जिवाशी का खेळता?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, आता माघार घेतील. ते म्हणाले, "चहा पिऊन जा."

त्यांना समितीपुढे बोलावलं. आत काय झालं ते मॅडमनीच नंतर आम्हाला सांगितलं. त्यांना सरांबद्दल माया होती आणि वैतागही. समितीचं म्हणणं, रद्द केलेले तास थंडीच्या सुट्टीआधी भरून काढा, नाहीतर आम्ही तुमची सूचना रद्द करू, म्हणजे इथल्या मुलांची हजेरी राहील आणि तिकडच्यांची जाईल. स्टुडिओ मिळणार नाही आणि उपग्रहाचा वेळही नाही. सर म्हणाले, मी रजा टाकून वर जातो. तिकडच्यांना समोर बसवून शिकवतो. फोनची तार आता जोडली आहे, इथली मुलं फोनवर ऐकतील.

"फ़ोन पर पत्थर पढ़ाएँगे?" मॅडमनी विचारलं.

"हाँ जी."

ते गेले तेव्हा रस्ता पुरता सुरू झाला नव्हता. जिथे दरड होती तिथे बसमधून उतरून पलीकडच्या बसपर्यंत चालत जावं लागे. काकूंनी लोकरीचे दोन मोजे एकावर एक घालायला लावले. खोकी ड्रायव्हर लोकांनीच खांद्यावर पलीकडे नेली, असं नंतर समजलं.

इकडे आम्ही एका साध्या खोलीत बसलो. टेबलावर फोन, त्याला सरदारजींनी स्वतः जोडून दिलेला स्पीकर, आणि प्रत्येकापुढे नंबर घातलेले दगडाचे तुकडे. पहिल्या दिवशी नुसती खरखर. शब्द तुटत, परत येत. कुणी उठून गेलं, कुणी जांभया देत बसलं. गुरमीत मागच्या भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. बघायला काहीच नव्हतं. कुणाकडे बघावं तेही कळेना, म्हणून आम्ही सगळे फोनकडे बघत होतो.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी तिकडे सगळे एकदम हसले. खळखळून. सरांचं हसूही त्यात होतं. ते असे हसतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय झालं? तिकडे हसणं चालूच. आम्ही रोज ज्यांच्या समोर बसत होतो ते आमचे सर दुसऱ्यांच्या वर्गात होते आणि आम्ही दाराबाहेर.

मग पद्माचा आवाज आला, फोनच्या अगदी जवळ. "चंडीगढ़ वालो, बकरी अंदर आ गई थी. सर का चार नंबर मुँह में ले के भाग गई. इसलिए हँस रहे हैं." थोडं थांबून ती म्हणाली, "आवाज़ आ रही है ना? आपके लिए रुकें?"

मागून गुरमीत पुढे आला, फोनवर वाकला आणि म्हणाला, "आ रही है जी. थोड़ा रुक जाओ. हमारा चार नंबर भी ढूँढ लें."

त्यानंतर तो कधी भिंतीला टेकला नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी चिखलाचा दगड आणि बारीक रेतीचा दगड यांतला फरक सांगितला. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. "एक टुकड़ा दाँत पे घिसो. शरम मत करो." तिकडे आणि इकडे आम्ही सगळ्यांनी दगड दातावर घासले. एक लोण्यासारखा सरकला. दुसरा कर्रकर्र वाजला. फोनमधून त्यांचं करकरणं आम्हाला ऐकू येत होतं, आमचं त्यांना. सर म्हणाले, "सुना? ये रेत है." आणि नेहमीसारखे गप्प राहिले. त्या वेळी ती शांतता कुणालाही लांब वाटली नाही.

परीक्षा झाली. सगळे बसले. काही जणांनी सरांना शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्यांची बाजूही मला समजते. आपलं नसलेलं ओझं कुणी परस्पर आपल्या खांद्यावर टाकलं तर राग येणारच.

पुढच्या वर्षी सरांना स्टुडिओतून काढलं. त्यांचे जुने तास रेकॉर्ड केलेले होतेच, तेच दाखवायचं ठरलं. मधल्या शांततेच्या जागा कापून टाकल्यामुळे ते पुष्कळच छोटे झाले होते म्हणे. सरांना पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं दिली. निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती घेतली. तक्रार केली नाही. मी जोधपूरहून एकदा फोन केला तेव्हा म्हणाले, "हं. बरं आहे. काकूला देतो."

सातआठ वर्षांनी लग्न होऊन मी परत चंडीगढला आले. नवरा तिथल्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर. सरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात सावरला होता, भाषा नाही. हिंदी, पंजाबी, इंग्रजी सगळं पुसलं गेलं होतं, मराठी तेवढी उरली होती. माणसंही ओळखत नव्हते. मुलगा अमेरिकेहून आला होता. काकू म्हणाल्या, "दिवसभर यांच्याजवळ बसून असायचा. यांचं बोलणं त्याला कळायचं गं. पण मराठीत उत्तर द्यायला गेला की अडखळायचा, मग नुसता पाय दाबत बसायचा."

त्याच सुमारास मोहालीला नव्या संशोधन संस्था उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एकीत पद्मा रुजू झाल्याचं मला गुरमीतकडून कळलं. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "दीदी, मुझे सर के पास ले चलो."

मी तिला आधीच सांगितलं होतं, ते ओळखणार नाहीत. तरी ती सरांसमोर खाली सतरंजीवर बसली. सरांनी तिच्याकडे बघितलं. "कुणाची गं तू?" त्यांनी मराठीत विचारलं. तिला एक शब्द कळला नाही. ती हसली आणि म्हणाली, "सर, आप थके तो नहीं?"

त्यांना ते कळलं नसावं. पण ते बोलायला लागले. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर लहानपणी पोहायला जायचे ते. कृष्णा समोरून येते आणि कोयना समोरून येते, दोघी एकमेकींच्या अंगावर येतात आणि मग एकत्र वळून जातात. वडील काठावर उभे राहून हाका मारायचे. पाणी कसं गार असायचं. कुठल्या दगडावरून उडी मारायची. शब्द सुटत होते, वाक्यं मागेपुढे होत होती. कधी मध्येच थांबत आणि किती तरी वेळ काहीच बोलत नसत. पद्मा त्यांच्या तोंडाकडे बघत ऐकत होती.

मी हळूच सांगायला लागले, "वो बता रहे हैं कि बचपन में…"

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "रहने दो, दीदी."

काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला. बाहेर संध्याकाळ झाली, काकूंनी दिवा लावला. सर बोलत होते. पद्मा तशीच बसून होती. ते बोलून पुरे होईपर्यंत ती हलली नाही.